पांढरीची माती

नांदगाव खंडेश्वरातले आमचे घर सात खणांचे, मातीचे आणि धाब्याचे. ते नेमके कुणी बांधले हे घरात कुणालाच धड सांगता येत नाही. 'कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा बांधले,' एवढेच आजोबा सांगत. अमेरिकेतल्या 1861 ते 1865 च्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला भाव आला, तोच हा काळ असावा असे धरून मी वर्गात इतिहास शिकवताना आमच्या घराचे उदाहरण देतो. मुलांना त्याचे काही वाटत नाही. त्यांच्या लेखी जुने म्हणजे खंडेश्वराचे हेमाडपंती देऊळ. ते दगडाचे आहे ना! मातीचे घर कितीही वर्षांचे असो, त्याला कुणी जुने म्हणत नाही, पडके म्हणतात.

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळीत पिकवायचे, पांढरीत राहायचे. काळी पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून ती भिंतीच्या कामाची नाही. आमच्या भिंती पांढरीच्या, दोन हात रुंद. सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर बारीक लाकडे, मग पळसाची पाने आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यात इकडे पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा आमच्या माजघरात निजलेला पाहुणा पंखा बंद करायला सांगतो. हे मी थोडे वाढवून सांगतो, पण थोडेच.

असे घर दरसाल चाकरी मागते. मृगाआधी धाब्यावरचे गवत उपटायचे, मातीचा नवा थर द्यायचा, पन्हाळी मोकळ्या करायच्या. दिवाळीआधी भिंती लिंपायच्या, पोतारा द्यायचा. ही चाकरी आईने चाळीस वर्षे केली. मी कादंबऱ्या लिहितो. त्यांत आमच्या ओसरीचे वर्णन तीनदा आले आहे. ओसरीवरून लिंपणाचा हात मात्र मी एकदाही फिरवला नव्हता.

आईचे गुडघे गेले तेव्हा मी मोठ्या पुत्रधर्माने मागच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. दरसालची कटकट मिटली म्हणून मी खूश होतो. आई एवढेच म्हणाली, "भितीचं तोंड बुजवलं बापा तू." मला तो अडाणीपणा वाटला. मी मास्तर ना!

चौथ्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आदल्या रात्री, ती भिंत बसली. सिमेंटचे कवच बरेचसे तसेच उभे होते. आतल्या मातीचा मात्र चिखल झाला होता. गावात धाबे घालणारे एकच म्हातारे बाबा उरले आहेत. त्यांनी आत हात घालून मूठभर माती काढली आणि माझ्यापुढे धरली. "मास्तर, मातीच्या भितीत पानी जातेच. पन ते आपल्यानं निंगून जाते. तुमी त्याले दारच ठेवलं नाही."

धाकटा भाऊ अमरावतीहून आला. "दादा, पाडून टाकू. स्लॅब टाकू." त्याचे चूक नव्हते. पाठोपाठ जुन्या लाकडाचा एक व्यापारी आला. कोरीव चौकट आणि खांब त्याला शहरातल्या एका हॉटेलसाठी हवे होते. त्याने सांगितलेला आकडा ऐकून माझेही मन चळले. मुलीच्या शिक्षणाला पैसा लागणारच होता.

त्याच दिवसांत वेल्सविषयी एक पुस्तक हाती आले. तिकडे कार्डिफजवळ सेंट फॅगन्स येथे 1948 साली एक संग्रहालय सुरू झाले. देशभरातली शेतकऱ्यांची जुनी घरे सोडवून, तिथे नेऊन, पुन्हा जशीच्या तशी उभारली आहेत. त्यांत केनिक्स्टन नावाचे 1610 सालचे एक घर आहे. भूतबाधा टळावी म्हणून त्याच्या भिंती तांबड्या रंगवलेल्या. आपल्या गेरूची आठवण झाली. चुन्यात बांधलेल्या जुन्या दगडी भिंतींचे सांधे सिमेंटने भरले की ओल आत कोंडते, हे तिकडच्या लोकांनाही नुकसान सोसूनच कळले. इतक्या लांबची माणसे माझ्यासारखीच फसलेली पाहून जरा बरे वाटले. पण आमचे घर असे उचलून कुठे नेणार? खांब जातील, चौकट जाईल. भिंत उतरवली की उरेल ती नुसती माती.

अखेर वाटणी झाली. मागचे चार खण भावाचे. तिथे स्लॅब पडला. तिथल्या खांबांचे पैसे दोघांनी निम्मेनिम्म घेतले. पुढचे तीन खण माझे. त्या दिवशी आईने एक शब्दही काढला नाही. संध्याकाळी मात्र ती मागच्या रिकाम्या जागेत जाऊन उभी राहिली, आणि दिवेलागणीला मीच तिला हात धरून आत आणले.

यंदा दिवाळीआधी मी अंगणात माती भिजत घातली. पांढरी, शेण आणि गव्हांडा. रविवारी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून आत उतरलो. आई खाटेवरून सांगत होती, "पानी कमी टाक. अजून तुडव. थांबू नको." तासाभरात पोटऱ्या भरून आल्या. शाळेतली दोन पोरे रस्त्यावर थबकली आणि एकमेकांना कोपराने ढोसू लागली. "सर पाह्य ना बे, चिखलात!"

"पाहाता काय गा नुस्ते," आई म्हणाली, "या आत."

पोरांनी चपला काढल्या.