कड्याच्या मामांचा हिशेब

स्पीडोमीटर चुकतोय म्हटलं की बहुतेक जण आधी मीटर खोलायला बसतात. मी बसत नाही, ते कडा गावच्या एका मिस्त्रींमुळे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो.

वडिलांनी जुन्या जीपच्या पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचे क्राउन-पिनियन बदलून घेतले आणि तेव्हापासून मीटर कमी दाखवू लागला. एका दुकानदाराने नवा मीटर घ्या म्हणून सांगितलं. मामांनी मीटरला हातच लावला नाही. मला शेजारी बसवून जीप आष्टीच्या रस्त्याला काढली आणि किलोमीटरचे दगड मोजायला लावले. दहा किलोमीटर झाले, मीटर नऊच चढला होता. "काट्याकडं नको बघू रं," मामा म्हणाले, "आधी किलोमीटर बघ."

काटा चुंबकावर चालतो. केबल चुंबक फिरवते, चुंबक ॲल्युमिनियमची वाटी ओढतो आणि केसाएवढी स्प्रिंग तिला आवरते. चुंबक किंवा स्प्रिंग बिघडली की काटा बहकतो. किलोमीटरचे आकडे मात्र दात्यांवर फिरतात. काटा एकटाच चुकला तर दोष मीटरचा; दोन्ही एकाच प्रमाणात चुकले तर मीटर आणि गाडी यांचं जुळत नाही.

मग खडूने फरशीवर भागाकार. जुन्या क्राउनला 43 दाते, नव्याला 39, पिनियनला दोन्हीकडे 8. जीपची केबल ट्रान्सफर केसवरून, म्हणजे डिफरन्शियलच्या आधीच निघते. चाकाच्या एका फेऱ्याला तिथला शाफ्ट पूर्वी 5.38 वेळा फिरायचा, आता 4.88. दहाला नऊ! केबलच्या मुळाशी कमी दात्यांची पिनियन बसली आणि काम झालं. मजुरी वडिलांनी दिली; त्या भागाकाराचे पैसे कुणीच दिले नाहीत.

पुढे पुण्यात एका मित्राच्या जुन्या एमजीबी गाडीचा मीटर असाच मागे राहायचा. स्मिथ्स कंपनीच्या त्या मीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरांत 1280 लिहिलेलं, म्हणजे मैलाला केबलचे तेवढे फेरे. केबलच्या टोकाला कागदाचा झेंडा लावून आम्ही गाडी दहा मीटर सरळ ढकलली. आठ फेरे हवे होते, झाले साडेसहा. मीटर धडधाकट होता, पण दुसऱ्याच गिअरबॉक्सचा. या गाडीला 1040 चा हवा होता. मित्राने मला हुशार ठरवलं. मी त्याला मामांचं नाव सांगितलं.

तुमच्या जुन्या गाडीचा मीटर चुकत असेल, तर पाना हातात घेण्याआधी रस्त्यावरचे दगड मोजून या.