जपान, मागच्या दाराने

ओकायामाला चाललेय म्हटल्यावर पुण्यात निम्म्या लोकांनी विचारलं, "म्हणजे सिंहगड रोडला?" त्यांचंही बरोबरच होतं. सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्रीचं उद्यान, ओकायामातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. पुणेकराला ओकायामा माहीत असतं ते एवढंच. मला त्याहून थोडं जास्त माहीत होतं, कारण कॉलेजात जपानी शिकत होते आणि विद्यार्थी-देवाणघेवाणीत एका वर्षासाठी नेमकं तेच गाव पदरात पडलं होतं. मैत्रिणींना तोक्यो, क्योतो मिळालं. माझ्या वाट्याला आलं पीच, द्राक्षं आणि स्वच्छ उन्हासाठी नावाजलेलं एक मध्यम शहर. आज कुणी अदलाबदल करायला सांगितली तर करणार नाही.

जपानात शाळा-कॉलेजचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून मार्चअखेर पोचले. समुद्रात भर घालून केलेल्या कान्साई विमानतळावरून शिन-ओसाका, तिथून शिन्कान्सेनने पाऊण तास. स्टेशनाबाहेर पहिला भेटतो तो मोमोतारो. पीचमधून जन्मलेला, कुत्रा-माकड-तितर बरोबर घेऊन राक्षसांवर चालून गेलेला गोष्टीतला मुलगा. त्याचा पुतळा चौकात, नाव रस्त्याला आणि चित्र गटारांच्या झाकणांवरसुद्धा.

पहिले आठवडे कागदपत्रांत गेले. राहण्याचा पत्ता महापालिकेत नोंदवा, आरोग्यविमा काढा, सायकल घेतलीत तर तिचीही नोंदणी करा. कचऱ्याच्या वर्गवारीवर तर प्रत्येक प्रवासवर्णनात एक परिच्छेद असतोच, तो वाचकांनी इथे वाचला असं समजावं.

कोराकुएनला गेले ती पहिल्याच रविवारी. पुण्यातली बाग पाहिलेल्याला इथे ओळखीचं पुष्कळ सापडतं, पण पसारा बघून दम लागतो. जवळजवळ तेरा हेक्टर. इकेदा त्सुनामासा या सरदाराने 1687 मध्ये काम सुरू करवलं, ते 1700 मध्ये पुरं झालं. आसाही नदीच्या पलीकडे काळा किल्ला उभा, बागेतून असा दिसतो की तोही बागेचाच भाग वाटावा. किल्ला मात्र आहे नवा. मूळचा 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाला आणि 1966 मध्ये काँक्रीटचा बांधला गेला. बागेचीही त्या हल्ल्यात नासधूस झाली होती. जुनी चित्रं समोर ठेवून ती पुन्हा उभी केली.

मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. या सरदारी बागेत भाताचं खाचर आहे आणि चहाचा छोटा मळाही. मे महिन्यात तिथे चहाची पानं खुडायचा सण होतो, जूनमध्ये भातलावणीचा. नुसती शोभेची बाग बघून मला दहा मिनिटांत कंटाळा येतो. जिथे काहीतरी पिकतं तिथे मी रेंगाळते.

बागेत लाल माथ्याचे क्रौंच पाळलेले आहेत. युद्धाच्या काळात इथले क्रौंच नाहीसे झाले. मग 1956 मध्ये चीनहून एक जोडी भेट आली. पाठवली होती गुओ मोरुओ या चिनी साहित्यिकाने, जो तरुणपणी ओकायामातच शिकायला होता. पिंजऱ्यापुढे उभी राहून हे वाचलं आणि बरं वाटलं. परगावच्या विद्यार्थ्यांची या गावाला सवय होती तर.

विद्यापीठात मी चहाच्या मंडळात नाव घातलं. जपानी कॉलेजात क्लब हा प्रकार वर्गाइतकाच गंभीर असतो, किंबहुना जास्त. आधी आलेले ते सेनपाई, मागून आलेले कोहाई, आणि मधली पायरी कुणी ओलांडत नाही. मी वयाने दोघा-तिघा सेनपाईंपेक्षा मोठी होते, त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

चहाचा विधी सगळ्यांनी चित्रांत पाहिलेला असतो. किमोनोतली बाई, वाडगा, शांतता. मलाही तेच शिकायचं होतं. पण पहिले कित्येक आठवडे मी त्या खोलीत फारशी बसलेच नाही. मी असायची मिझुयात, म्हणजे खोलीमागच्या चिंचोळ्या जागेत, जिथे भांडी धुतात, पुसतात, मांडतात. तिथलं शास्त्र पुढच्यापेक्षा तसूभर कमी नाही. माच्चा, म्हणजे चहाची हिरवी पूड, बारीक चाळणीतून चाळायचा, कारण त्याच्या गाठी धरतात आणि घोटताना त्या फुटत नाहीत. चाकिन नावाचं पांढरं लिननचं फडकं भिजवायचं, पिळायचं आणि ठरल्या घडीने वाडग्यात ठेवायचं. पिळणं असं की पाणी टपकता कामा नये आणि कापड कोरडंही पडता कामा नये. घोटायची बांबूची रवी, चासेन, कोमट पाण्यात भिजवून तिचं एकेक टोक डोळ्यांनी तपासायचं. मोडकं टोक पाहुण्याच्या चहात जाऊन कसं चालेल?

आणि वाडगे. वाडग्यांना साबण लावायचा नाही. कोमट पाण्यात हाताने धुवायचे, पुसायचे आणि बूड वर करून वाळू द्यायचे. बुडाचं कडं बिनझिलईचं असतं, ते पाणी पितं. वरून खडखडीत वाटलेला वाडगा पेटीत घातला तर महिन्याने आत बुरशी. हे मला शिकवलं इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या एका किडकिडीत सेनपाईने. तो बोलायचा फार कमी. मी पुसलेला वाडगा उचलायचा, बूड गालाला लावून बघायचा आणि परत माझ्या हातात द्यायचा. झालं. पुन्हा पुसा.

आठवड्यातून एकदा सेन्सेई, म्हणजे आमच्या शिक्षिका, यायच्या. सत्तरीच्या पुढच्या, ताठ. गुडघ्यांवर तास-तास बसायच्या आणि उठताना जमिनीला हातही लावायच्या नाहीत. आमचे पाय मात्र लाकडं झालेले असायचे. मोजे पांढरे हवेत, तातामी चटईच्या काठावर पाऊल पडता कामा नये, आधी गोड खायचं आणि मग चहा. ते गोड लाल अझुकीच्या सारणाचं असतं. ते पुरणासारखं लागतं असं जपानातला प्रत्येक मराठी माणूस सांगतो. मला विचाराल तर वेलची-जायफळाशिवाय पुरण म्हणजे नुसती शिजवलेली डाळ. पण त्या कडू, हिरव्यागार घोटाआधी हेच हवं, हेही मान्य. आई फोनवर विचारायची, "अगं, पण खातेस काय?" शाकाहारी माणसाची पंचाईत खरीच आहे. साध्या भाजीच्या रश्शातसुद्धा सुक्या माशाचं पाणी असतं. चहाचं मंडळ मला धार्जिणं पडलं त्याचं निम्मं कारण ही मिठाई होती.

नोव्हेंबरात कॉलेजचा उत्सव झाला. आमच्या मंडळाने चहाची बैठक मांडली. गावातली माणसं, मुलांचे आईबाप, शाळकरी पोरं, सगळे रांगेने येत होते. पुढे एक मुलगी किमोनोत बसून सावकाश, डौलात चहा करत होती, पाहुणे श्वास रोखून बघत होते. तिने केलेला चहा मिळायचा तो पहिल्या एक-दोन पाहुण्यांना. बाकी सगळ्यांचा यायचा मागून. मिझुयात आम्ही पाच-सहा जण थर्मासमधलं पाणी ओतून सपासप घोटत होतो, वाडगे धूत होतो, पुसत होतो, पडद्याआडून कुजबुजत आकडे सांगत होतो, "आणखी सात! तिसरा लहान मुलगा आहे, त्याला कमी!" दुपारपर्यंत माझ्या मनगटाची वाट लागली. पण बाहेर आवाज म्हणून गेला नाही. परदेशी पाहुणा जपानच्या ज्या शांततेवर भाळतो, तिचा बराचसा भाग मागच्या खोलीत घाम गाळून तयार होतो, असं माझं मत तेव्हापासून पक्कं झालं.

मात्र सगळं जपान असंच शांत, असं समजणाऱ्याने फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शनिवारी साइदाइजीला जावं. ओकायामातलंच हे देऊळ. इथल्या उत्सवाची गोष्ट 1510 पासूनची सांगतात. पुजारी कागदी ताईत वाटायचे, ते घ्यायला अशी झुंबड उडायची की कागद फाटून जायचे, म्हणून मग लाकडाच्या दोन कांड्या आल्या. थंडीच्या कडाक्यात हजारो पुरुष नुसत्या लंगोटात त्यांच्यासाठी झोंबतात. बायका ढोल वाजवतात आणि बघतात. मी बघणाऱ्यांत.

आमचा तो किडकिडीत सेनपाई झोंबणाऱ्यांत होता. संध्याकाळी भेटला तेव्हा पोटाला लांबच लांब कापड आवळून घेत होता. नाव आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी त्याने मोज्यात खोचली. दारू प्यायलेल्याला आत घेत नाहीत, त्यामुळे जे काय चाललं होतं ते सगळं शुद्धीत. रात्री देवळाचा ओटा उघड्या अंगांनी गच्च भरला. वरून त्यांच्यावर पाणी शिंपडत होते आणि त्या गारठ्यात गर्दीतून वाफेचे लोट उठत होते. विसर्जन मिरवणुकीत वाढलेल्या मला गर्दीचं अप्रूप नाही, पण ही गर्दी अख्खीच्या अख्खी एका अंगावर कलायची आणि परत यायची. बरोबर दहाला दिवे गेले. वरच्या खिडकीतून कांड्या पडल्या असाव्यात. दिसलं काहीच नाही, नुसती एक गर्जना ऐकू आली.

पुढच्या सरावाला तो आला तो कोपराला पट्टी लावून. मी विचारलं, "कांडी दिसली तरी का?"

"अंधारात कांडी कुणाला दिसते?" तो म्हणाला. "पाय जमिनीला लागत नव्हते. डावा मोजा तिथेच राहिला."

"चिठ्ठी त्यातच होती ना?"

"हो. देवळातून घरी फोन आला, मोजा सापडलाय म्हणून. आई घाबरली." एवढं बोलून त्याने मी पुसलेला वाडगा उचलला, बूड गालाला लावलं आणि परत माझ्या हातात दिला.