ओली पळी

आमच्या आजीच्या कोठीघरांत लोणच्याच्या नेहमीं दोन बरण्या असत आणि दोहोंसाठीं दोन पळ्या. एका बरणींतली पळी दुसरींत गेलेली तिला मुळींच खपत नसे. आणि ओली पळी तर कोणत्याच बरणींत नाहीं. "एकीला बुरशी आली तर दुसरी तरी राहील," एवढेंच ती म्हणे. हा दंडक आम्हीं लहानपणीं सोंवळ्याओंवळ्याच्या सदरांत टाकून दिला होता. त्यांतील शहाणपण आम्हांस पुढें उमगलें, तें कोठीघरांत नव्हे, तर खांदेरीजवळच्या समुद्रांत.

आमच्या एका स्नेह्यांची डिझेलवर चालणारी लहानशी नौका आहे. तिला दोन इंजिनें, दोन पंखे आणि डावीउजवीकडे एकेक तेलाची टाकी. दोन्ही टाक्या तळाशीं एका नळीनें जोडलेल्या असून त्या नळीवर एक तोटी आहे. हिशेबाची आवड पाहून स्नेह्यांनीं तेलाची देखरेख आमच्याकडे सोंपविली, आणि आम्हींही ती मोठ्या हौसेनें पत्करली.

हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. डिझेलचें इंजिन जाळतें त्याहून अधिक तेल ओढून घेतें आणि उरलेलें परतीच्या नळीनें टाकीकडे धाडतें. म्हणून तेल ज्या टाकींतून घ्यावयाचें तिच्याचकडे परतीची नळीही वळवावी लागते. एकीकडून घेऊन दुसरीकडे परत धाडलें, तर एक टाकी रिकामी होते आणि दुसरी भरून तिच्या हवेच्या नळींतून तेल समुद्रांत सांडूं लागतें. वजनाकडेही लक्ष ठेवावें लागतें. एक लिटर डिझेल सुमारें ०.८४ किलो भरतें. तेव्हां दोन टाक्यांत २०० लिटरांचा फरक पडला कीं जणूं दोनतीन धष्टपुष्ट माणसें एकाच कडेला बसल्याप्रमाणें नौका कलते. शिवाय एकतृतीयांश तेल जाण्यास, एकतृतीयांश येण्यास आणि एकतृतीयांश दैवाच्या लहरीसाठीं, हा दर्यावर्दी लोकांचा नियम आहेच. हें सारें आम्हीं वहींत नीट लिहून ठेविलें होतें.

एका माघांतील गोष्ट. आम्ही मुंबईहून मुरुडकडे निघालों होतों. स्नेही, त्यांच्या सौभाग्यवती, दोन मुलें, एक वृद्ध तांडेल आणि आम्ही, एवढीं माणसें. आदल्या दिवशीं डावी टाकी पिंपांतील तेलानें भरून घेतली होती. उजवी अर्धीच होती. नौका डावीकडे झुकलेली पाहून आम्हीं जोडनळीची तोटी उघडली. दोन्हीकडची पातळी सारखी झाली, नौका सरळ झाली, आणि आमच्या चातुर्यावर आम्हीच खूष झालों. तोटी मात्र बंद करावयाची राहिली.

दुपारीं वायव्येचा वारा सुटला. खांदेरीचा दीपस्तंभ समोर दिसत असतां डावें इंजिन खोकूं लागलें आणि थांबलें. "असूं द्या, दुसरें आहे," असें आम्हीं मुलांस म्हणतों न म्हणतों तोंच उजवेंही थांबलें. मग जी शांतता पसरली ती आम्ही जन्मांत विसरणार नाहीं. वारा नौकेला थळच्या बाजूच्या खडकांकडे लोटूं लागला. स्नेह्यांच्या सौभाग्यवतींनीं दोन्ही मुलांना पोटाशीं धरलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत.

तांडेलानें आधीं नांगर टाकला. तो धरला, तेव्हां कोठें आमचा श्वास परत आला. मग त्यानें गाळणीखालची कांचेची वाटी सोडवून आमच्यापुढें धरली. खालीं पाणी, वर तेल! पिंपांत पाणी होतें. पाणी डिझेलहून जड, तें टाकीच्या तळाशीं बसलें, जोडनळीही तळाशींच. म्हणजे आम्हीं उघडलेल्या वाटेनें तेलाआधीं पाणीच पलीकडे गेलें होतें, आणि लाटांनीं तें ढवळून निघतांच दोन्ही इंजिनांच्या वांट्यास आलें.

तांडेलाची नजर तोटीकडे गेली. "मग दुसरें इंजिन घेतलें तरी कशाला, साहेब?" त्यानें विचारलें. त्याच्या स्वरांत राग नव्हता, म्हणूनच तो प्रश्न अधिक लागला.

त्यानें तोटी बंद केली. उजव्या टाकीच्या तळचें पाणी स्वच्छ तेल येईतों बालदींत काढलें, गाळणी बदलली, नळ्यांतील हवा काढली. दीड तासानें उजवें इंजिन चालूं झालें आणि एकाच पंख्यावर आम्ही मुरुडचा बेत सोडून मांडव्याच्या धक्क्यास लागलों.

आम्ही एकत्र कुटुंबांत वाढलेलीं माणसें. सारें एके ठिकाणीं असणें म्हणजेच सुरक्षितता, असें आम्हांस नकळत वाटत आलेलें. परंतु दोन इंजिनें दोन तेव्हांच ठरतात, जेव्हां त्यांचें अन्न वेगळें असतें. एरवीं तें एकच इंजिन दोन ठिकाणीं ठेवलेलें. जोडनळी वाईट असें नव्हे. एका टाकींतील तेल संपत आलें तर तीच नळी दोन्ही इंजिनांना घरीं आणते. मात्र ती गरजेपुरती, पलीकडचें तेल पारखून उघडावी आणि काम होतांच बंद करावी. आतां आम्ही भरण्यापूर्वीं नव्या तेलाचा नमुना कांचेच्या बरणींत घेऊन थोडा वेळ निवळूं देतों. पावसाळ्यापूर्वीं टाक्या भरून ठेवतों, कारण अर्धवट टाकींतील दमट हवेचें पाणी होतें आणि तेलापाण्याच्या सीमेवर सूक्ष्म जंतूंचा चिकट गाळ धरतो. निघण्यापूर्वीं तोटीला हात लावून पाहतों. नुसत्या नजरेवर विसंबत नाहीं.

परवां जेवतांना बोलण्याच्या भरांत आम्हीं आंब्याच्या लोणच्यांतली पळी लिंबाच्या बरणींत घालूं लागलों. धाकट्या पुतणीनें चटकन् हात धरला. आजीला तिनें पाहिलेलेंही नाहीं. आम्हीं मुकाट्यानें पळी मागें घेतली.