नाचघरातली जमीन

चिरंजीवांकडे मँचेस्टरला गेलो होतो. एका पावसाळी दुपारी त्याने आम्हां उभयतांना ब्लॅकपूलला नेले आणि तिथल्या प्रसिद्ध मनोऱ्याखालच्या नाचघरात चहाला बसवले. नाचघर म्हटल्यावर माझ्या कपाळाला आठी पडली, हे कबूल केले पाहिजे. आमच्या वाड्यात पेटीसुद्धा दार लावून वाजे!

पण आत शिरलो आणि वर गेलेली मान खाली येईना. चित्रांनी भरलेले छत, झुंबरे, सोनेरी सज्जे. नाट्यगृहे बांधण्यात हयात घालवलेल्या फ्रँक मॅचमने हे दालन रचले; ते १८९९ साली उघडले. खरी करामत मात्र पायाखाली आहे. महोगनी, ओक आणि अक्रोड यांचे ३०,६०२ ठोकळे जोडून केलेली ही जमीन लवचीक आहे. पाऊल पडले की किंचित दबते आणि त्याला अलगद वर उचलते. १९५६ च्या डिसेंबरात ती आगीत जळाली. लोकांनी ती पुन्हा होती तशी करून घेतली.

पूर्वी इथे रविवारी नाच बंद असे, त्या दिवशी भक्तिसंगीत. शिवाय, सोबत स्त्री नसेल तर पुरुषाने नाचू नये असाही नियम होता. माझी अडचण नेमकी उलटी होती. सौभाग्यवती शेजारीच बसली होती!

इतक्यात व्यासपीठाखालून वुर्लिट्झर ऑर्गन वादकासकट वर आला. रेजिनल्ड डिक्सनने १९३० पासून १९७० पर्यंत हीच बैठक चालवली. सूर निघताच पांढऱ्या केसांची जोडपी उठली. शेजारच्या टेबलावरच्या एकट्या आजीबाईंनी हिच्यापुढे हात केला. हिने माझ्याकडे पाहिले, मी छताकडे. मग पदर खोचून ही खरोखरच गेली! दोन फेऱ्या मारून धापा टाकीत परतली.

"अहो, जमीन खरंच उचलते. उठा."

चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत तिचा हात धरल्याचे मला आठवत नाही. "मला कुठे येतंय?" मी म्हणालो.

"सप्तपदी चाललात ना माझ्याबरोबर? तेव्हा तरी कुठे येत होतं?"

मी चष्मा काढून खिशात ठेवला. निदान लोक तरी दिसणार नव्हते.