सांध आणि लुकण

मोटार पाहावयास गेलेला मनुष्य प्रथम तिचा रंग पाहतो, मग गाद्या पाहतो, आणि फारच चिकित्सक असला तर वाकून चाकांकडे एक दृष्टी टाकतो. तिच्या पत्र्यांच्या सांधी पाहणारा मनुष्य मला क्वचितच आढळला आहे. वस्तुतः मोटारीला म्हातारपण येते ते सांधींतून. पत्रा मध्यभागी सहसा कुजत नाही. जेथे त्याची दुसऱ्या पत्र्याशी गाठ पडते, तेथे तो कुजतो.

जालन्यात राहून जुनी मोटार राखणे हा थोडासा जगाविरुद्धचाच उद्योग आहे. येथील औद्योगिक वसाहतीत विजेच्या भट्ट्या मोडीचे लोखंड वितळवीत असतात, आणि त्याच्या सळया होऊन गावोगावच्या घरांत जातात. तेव्हा आमच्या दारातील 1978 सालच्या प्रीमियर पद्मिनीकडे बोट दाखवून अण्णा, म्हणजे माझे वडील बंधू, म्हणत, "अरे, हिला वेळीच भट्टीत जाऊ दे, कोणाच्या तरी माडीला आधार होईल." या बोलण्यात व्यवहार नव्हता असे कोण म्हणेल? वडिलांनी ती घेतली तेव्हा जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता. जिल्हा झाला तो 1 मे 1981 रोजी. वालचंद हिराचंदांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या नमुन्यावर तयार होणारी ही गाडी 1974 पासून 'पद्मिनी' झाली, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या टॅक्सीतळावरूनही तिने निरोप घेतला. आईला या इतिहासाशी काही कर्तव्य नव्हते. तिचे वय 84. एकदा 'ह्यांच्या' गाडीतून राजूरच्या गणपतीला जाऊन यावे, एवढेच तिचे म्हणणे. वाद तेथे संपला. खर्चाचा प्रश्न मात्र उरला.

पत्र्याचे काम करणारे एक वृद्ध कारागीर आमच्याकडे आले. सारे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी आतील गालिचा उचलला. खाली काळेभोर, तुळतुळीत डांबर होते. पूर्वी कोठल्याशा गॅरेजात ते गंजावरच फासून दिले होते. चाचांनी पेचकसाचे टोक त्यावर टेकविले, आणि ते विनासायास पलीकडे गेले. "गुरुजी," ते म्हणाले, "रंग मी आठ दिवसांत देईन. सांधींना महिना लागेल. नुसता रंग हवा असेल तर दुसरा माणूस बघा."

या अटीतील मर्म मला पुढे कळले. पद्मिनीला निराळा सांगाडा नाही. तळ, खांब, छत हे सारे मिळूनच तिचा देह. त्यामुळे तळ कुजणे म्हणजे सतरंजी फाटणे नव्हे, तुळईच खचणे होय. हे पत्रे एकमेकांवर चढवून थोड्या थोड्या अंतरावर टाके घातल्याप्रमाणे वितळजोड दिलेले असतात. दोन टाक्यांमधील फट केसाएवढी. पण समईच्या वातीत जसे तेल चढते, तसे तीत पाणी चढते. वाऱ्याला आत वाव नाही, म्हणून ते सुकत नाही. गंज लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, म्हणून फट रुंदावते, आणि रुंदावली की आणखी पाणी! आमच्याकडे कोकणासारखा पाऊस नाही हे खरे. पण सांधीला पागोळ्या लागत नाहीत, तिला दोन थेंब पुरतात.

ही फट बुजविणारे जे लुकण, त्याला कारागीर 'सीलर' म्हणतात. स्नानगृहात वापरतात ते सिलिकॉन स्वस्त मिळते, आणि अण्णांनी ते आणूनही दिले होते. चाचांनी ते हुंगून परत केले. सुकताना त्याला जो शिरक्यासारखा वास येतो, तो आम्लाचाच. ते आम्ल लोखंडाला खाते, आणि वर रंगही धरत नाही. इपॉक्सीचे दोन भाग कालवून होणारे लुकण चिवट चिकटते, पण कडक होते. खड्ड्यांतून जाताना ज्या सांधी लवतात तेथे ते तडकण्याची भीती. म्हणून पसंती पडली पॉलियुरेथेनवर. ते रबरासारखे लवचिक राहते आणि रंगही घेते; मात्र उघड्या उन्हात झिजते, म्हणून त्यावर रंग हवाच. त्याची एक गंमत अशी, की ते हवेतील दमटपणा पिऊन घट्ट होते. पाणी बाहेर ठेवण्यासाठी आणलेला पहारेकरी स्वतः पाण्याच्या वाफेवर पोसला जावा, हे मला मोठे मौजेचे वाटले! आमच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो म्हणूनच सावकाश आळला.

प्रत्यक्ष लेपन अर्ध्या दिवसाचे. बाकीचा महिना पूर्वतयारीचा. कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, उरलेला गंज उजळ लोखंड दिसेपर्यंत खरवडला, तेलकटपणा पुसला, आणि त्यावर इपॉक्सीचा अस्तररंग दिला. लुकण त्या अस्तरावर. नागव्या लोखंडावर नव्हे. नळीचे तोंड तिरपे कापून चाचा ते फटीत दाबीत गेले, नुसते वरून ओढले नाही. तळाला मात्र त्यांनी ब्रशाच्या रेघा मुद्दाम राहू दिल्या; जुन्या गाडीत फार गुळगुळीत काम खोटे दिसते, असे त्यांचे मत. मला ते पटले.

दरवाजांच्या खालच्या कडेला अण्णांना बारीक छिद्रे दिसली. "ही राहिली की!" ते म्हणाले. चाचा हसले. काचेच्या कडेने दरवाजात पाणी उतरायचेच. ते जायला ही वाट. ती बुजविली तर दरवाजा हौद होईल, आणि सारी मेहनत आतून नासेल. त्यांनी प्रत्येक छिद्रातून काडी फिरवून दाखविली.

पंधरवड्याने आम्ही गाडीत कोरी वर्तमानपत्रे अंथरली आणि अर्धा तास नळीने पाणी सोडले. अण्णांनी स्वतः आत वाकून एकेक पान उचलले. डाव्या पुढच्या कोपऱ्यातील पान रुपयाएवढे भिजले होते. चाचांनी खडूने तेथे खूण केली, आणि राजूरची चतुर्थी अजून नऊ दिवसांवर आहे ना, असे आईला विचारले.