गावठाणातल्या भिंती

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, अवसरी बुद्रुकच्या गावठाणात जुन्या वाड्यासमोर उभे राहिले की माझा हात आपोआप भिंतीकडे जातो. खाली घडीव काळ्या दगडाचे जोते, छातीएवढ्या उंचीपर्यंत चिरे, वर भाजक्या विटा, नाहीतर नुसती पांढरी माती. घरधन्याचा पैसा कुठवर पुरला, ते भिंतच सांगते. चिऱ्यांवर पाथरवटाच्या टाकीचे तिरके घाव अजून बोटांना लागतात. त्याचे नाव मात्र कुठल्या दप्तरात नाही.

रस्त्याच्या अंगाला खिडकी नाही. सागवानी दरवाजा, त्यात वाकून जायची दिंडी आणि आत दोन्ही बाजूंच्या भिंतींत अडसराची भोके. दिवसा अडसर भिंतीच्या पोटात सारून ठेवायचा, रात्री ओढून लावायचा. त्या भोकात हात पार कोपरापर्यंत जातो. पिढ्यान् पिढ्या लाकूड घासून आतला दगड गुळगुळीत झालेला. 1802 मध्ये होळकरांच्या फौजा पुण्यावर चालून आल्या, पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ पडला. या मुलखाने तेव्हा काय सोसले असेल, ते इथे समजते. बाहेरून घर असे मिटलेले. आत मात्र ओसरी, चौक, चौकात उतरणारे ऊन.

हे वाडे आता ओस का पडतात, त्याची गोष्ट पाण्यापासून सुरू होते. 1972 च्या दुष्काळात जिल्हाभर माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. पुढे घोड नदीवर डिंभे धरण झाले. ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिले, तेच पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात धरण आटले की गावाचे अवशेष उघडे पडतात. त्याच पाण्याने या पट्ट्यातली शेती उभी राहिली. बटाटा, कांदा, ऊस आला, दुधाचा धंदा वाढला आणि माणसे मळ्यात राहायला गेली. पाण्याने एक गाव बुडवले आणि दुसऱ्याचे गावठाण हळूहळू रिकामे केले, असे मला वाटते. माळवदावर दरसाल माती टाकून चोपावी लागते. मळ्यातून त्यासाठी कोण येणार? शिवाय वाड्याला वारस ढीगभर. एका कोपऱ्यातून पाणी झिरपते, तुळई कुजते, मग चिरे ट्रॅक्टरमध्ये चढतात.

स्लॅबचे घर बांधणाऱ्याला मी दोष देत नाही. शेणाने जमीन सारवण्यात ज्या बायांचा जन्म गेला, त्यांना फरशीचे सुख मिळालेच पाहिजे. पण पाडण्याआधी वाडा मोजून घ्यायला काय हरकत आहे? जवळच्या मंचरच्या बारवेत शिलालेख आहे, म्हणून अभ्यासक तिथवर पोचतात. इथल्या वाड्यांसाठी कोण येणार? अवसरी खुर्दला 2009 पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या सिव्हिलच्या मुलांनी टेप घेऊन यावे. जोत्याची लांबी-रुंदी, भिंतीची जाडी, किती खणांचा सोपा, एवढे कागदावर आले तरी पुष्कळ.