आधी पाण्याचं विचारा

हडपसर, पुणे

ती. वहिनींना सा. न.

दादाने पाठवलेलं बंदिस्त वसाहतीचं माहितीपत्रक पाहिलं. त्यातला तरणतलाव बघून तो साताऱ्याचं घर विकायला निघालाय म्हणे. उभ्या जन्मात कृष्णेत उतरला नाही हा माणूस!

आमच्या वसाहतीत सुख आहे, नाही म्हणत नाही. तुमच्या गुडघ्यांना लिफ्ट, वीज गेली तर जनरेटर, आणि संध्याकाळी गाडीच्या धास्तीशिवाय पायी फिरता येतं. दादा मगरपट्टा सिटीचा दाखला देतो. पण ती तिथल्याच सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकर जमीन एकत्र करून, जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भागधारक होऊन उभारली. सगळीकडे असे धनी नसतात.

म्हणून आधी विचारा, उन्हाळ्यात पाणी महापालिकेचं की टँकरचं? मग विचारा, जमीन सोसायटीच्या नावावर कधी होणार? बिल्डरने अभिहस्तांतरण करून द्यावं, असं १९६३चा कायदाच सांगतो. ते होईना म्हणून २००८ मध्ये बिल्डरच्या सहीवाचूनही होणारं 'मानीव अभिहस्तांतरण' आणावं लागलं, यावरून काय ते ओळखा. टप्प्याटप्प्याने बांधकाम चाललेल्या मोठ्या वसाहतीत तर बागा, रस्ते बरीच वर्षं बिल्डरच्याच ताब्यात राहतात.

मेंटेनन्स अनेक ठिकाणी चौरस फुटावर. महिन्याला ७,५०० रुपयांच्या वर गेला, की मोठ्या सोसायटीत त्यावर १८ टक्के जीएसटी. शिवाय मिळकतकर आहेच. म्हणजे आतले दिवे, रस्ते आपल्या खर्चाने सांभाळायचे आणि बाहेरच्या दिव्या-रस्त्यांसाठी करही भरायचा. दादाच्या पेन्शनमध्ये हे बसतं का, तुम्हीच बघा. त्याला हिशेब सांगू नका, चिडेल.

मला खुपतं ते निराळंच. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची पिशवी जाताना फाटकावर उघडून बघतात, आणि त्यांची लिफ्टही वेगळी. सर्वसाधारण सभेत मी हा विषय काढला. "सुरक्षेसाठी आहे हो," म्हणून अध्यक्षांनी मिटवला आणि पुढचे दोन तास पार्किंगवर भांडण झालं. तुमच्याकडे शेजारीण मागच्या दाराने आत येऊन चहा टाकते. इथे तिच्यासाठी आधी फाटकावरून फोन येईल. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून लिहिते.

दादाला इतक्यात टोकन देऊ देऊ नका. मे महिन्यात आठवडाभर दोघं माझ्याकडे राहायला या. टँकर कधी, किती येतात ते गॅलरीतून दिसतं.

तुमची,
धाकटी नणंद